साप गंभीर आजारी पडतो तेव्हा: उपचार कुठवर करायचे?

साप आजारी आहे हे आपल्याला कळतं, तेव्हा तो बहुतेक वेळा बऱ्याच आधीपासून आजारी असतो. कुत्रा कण्हतो, मांजर कोपरा धरतं, मग आपल्या लक्षात येतं. साप धडधाकट असतानाही कोपऱ्यातच असतो. आवाज काढत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, दिवसचे दिवस खात नाही. जंगलात आजारपण दाखवणारा प्राणी दुसऱ्याच्या तोंडी जातो, त्यामुळे लपवण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. त्यात शरीराचा सगळा कारभार संथ. आजार सावकाश वाढतो, औषध सावकाश उतरतं, जखम सावकाश भरते. पाळणारा मग दोन्हीकडून फसतो. जिथे थांबायला हरकत नव्हती तिथे घाबरतो, आणि जिथे आजच्या आज निघायला हवं होतं तिथे ‘बघू, पुढच्या आठवड्यात खाईल’ म्हणत बसतो.

मला इथे बोलायचं आहे ते डॉक्टर “करून बघता येईल, पण खात्री देत नाही” असं म्हणतात त्या वेळेबद्दल. पुढे जायचं की नाही हे ठरवायला कोणती माहिती लागते, ती कुठून मिळते आणि कुठे थांबावं, एवढाच विषय. औषधांचे डोस मुद्दामच दिलेले नाहीत. ते सापाची जात, वजन आणि तापमान यांवर ठरतात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांतही एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. आयव्हरमेक्टिन सापांत वापरतात. तेच कासवाला जीवघेणं ठरतं.

आज निघायचं की या आठवड्यात?

काही लक्षणं थांबायची मुभाच देत नाहीत. साप डोकं उंच धरून, तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकपुड्यांशी बुडबुडे किंवा तोंडात चिकट स्राव दिसत असेल, तर फुप्फुसाचा आजार बराच पुढे गेलेला आहे. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आत साचतं ते साचतच जातं. शिवाय बहुतेक सापांत उजवं एकच फुप्फुस कामाचं असतं. पायथन (अजगर) आणि अजगरासारखे बोआ यांना डावंही असतं, पण लहान. म्हणजे हाताशी राखीव असं फारसं काही नसतं.

उताणा केला तर सरळ होता येत नाही, मान मागे टाकून एकटक वर बघत राहतो, सरपटताना तोल जातो, ही मज्जासंस्थेची लक्षणं. लागोपाठ उलट्या, हीटरनं भाजलेली कातडी, अंडी देता देता थांबलेली आणि मलूल झालेली मादी, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

मलमूत्र आणि अंडी सापाच्या शरीरातून एकाच वाटेनं बाहेर येतात, त्या जागेला अवस्कर म्हणतात. तिथून आतला लाल-गुलाबी भाग बाहेर येऊन तसाच राहिला, तर बघणाऱ्याचे हातपाय गळतात. तो भाग आत ढकलायचा नाही. सलाइननं ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात ओलसर ठेवायचा आणि निघायचं. आतडं किंवा अंडनलिका बाहेर आली असेल तर प्रकरण गंभीर असतं. पण नर सापात बाहेर आलेला भाग कित्येकदा जननेंद्रिय असतो. नराला अशी दोन असतात आणि लघवीशी त्यांचा काही संबंध नसतो. एक सुकून खराब झालं असेल तर डॉक्टर ते काढून टाकतात आणि साप पुढे नीट जगतो. दिसायला भयंकर, पण ठरवायला सोपं असं हे प्रकरण. उलट, पोटाच्या मध्यावर हलकासा फुगवटा आणि अधूनमधून एखादी उलटी, हे दिसायला किरकोळ असतं आणि त्यामागे कधी कधी असा आजार निघतो की ज्यावर उपायच नाही. नुसत्या नजरेच्या भरवशावर निर्णय घ्यायचा नाही तो याचसाठी.

राहिला प्रश्न न खाण्याचा. निरोगी, मोठा बॉल पायथन काही महिनेसुद्धा उपाशी राहू शकतो. विणीच्या काळात नर तर हमखास तोंड फिरवतात. वजन टिकून असेल, जीभ काढून हवा हुंगत असेल, हातात घेतल्यावर अंगात जोर जाणवत असेल, तर उपास हा एकटा आजार नव्हे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की मात्र चौकशी सुरू करायची. त्यासाठी आधीची वजनं लिहिलेली हवीत. साधा डिजिटल वजनकाटा आणि एक वही, सापाच्या आजारपणात याहून उपयोगी वस्तू मी पाहिलेली नाही. लहान पिल्लांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्या अंगात साठा कमी, त्यांचा उपास लवकर अंगावर येतो.

आधी तापमान मोजा

रोग रेड्याला अन् औषध पखालीला, हा प्रकार सापांच्या बाबतीत फार होतो. साप स्वतःची उष्णता स्वतः तयार करत नाही, आजूबाजूची उचलतो. त्याची प्रतिकारशक्ती, पचन, मूत्रपिंडांचं काम, इतकंच काय, टोचलेलं औषध किती वेळ रक्तात राहणार, हे सगळं अंगाच्या तापमानावर अवलंबून. थंड पेटीतल्या सापाला महागडं अँटिबायोटिक टोचणं म्हणजे पैसे आणि सुई दोन्ही वाया.

बॉल पायथनला ऊबदार बाजूला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागतं आणि गार बाजू २५ ते २७. कॉर्न स्नेकला ऊबदार बाजू २८ ते ३० पुरते. हाताला गरम लागतं म्हणून बरोबर असेल, असं धरून चालायचं नाही. पेटीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काटा त्या भिंतीजवळच्या हवेचं तापमान सांगतो, साप जिथे वेटाळं घालून बसतो तिथलं नाही. वायर असलेला थर्मामीटर नेमका त्या जागी ठेवा, रात्री पुन्हा बघा. ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट, म्हणजे पेटीची तापणारी चटई, लावू नका. तापलेल्या पृष्ठभागावरून साप आपोआप उठून जाईल हा समज चुकीचा आहे, भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आजारी सापाला त्याच्या जातीच्या नेहमीच्या मर्यादेतल्या वरच्या टोकाशी ठेवतात, पण गार कोपरा काढून घेत नाहीत. कधी ऊब हवी आणि कधी नको हे त्याला ठरवू द्यायचं.

दुसरं, घाबरून लगेच भरवायचं नाही. थंड आणि पाणी कमी झालेल्या शरीरात भक्ष्य गेलं तर ते पचत नाही, सडतं आणि उलटून पडतं. क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, आणि तेही थोडं. फार दिवसांच्या उपाशी सापाला एकदम मोठं भक्ष्य दिलं तर रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडून तो दगावू शकतो.

एवढं करून सौम्य तक्रारी कधी कधी मिटतात. गंभीर आजार मात्र नुसत्या उबेनं बरा होत नाही, तेव्हा तापमान नीट करण्याच्या नावाखाली दोन आठवडे घालवू नयेत. नेताना साप कापडी पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. सोबत पेटीचा फोटो, तापमानाचे आकडे, वजनांची वही, शेवटचं खाणं आणि शेवटची कात यांच्या तारखा. चांगला डॉक्टर सापाला हात लावण्याआधी हेच विचारतो. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर कुठे आहे हे साप ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टरही कित्येकदा मोकळेपणी सांगतात की हे आमचं क्षेत्र नाही. ते सांगणं प्रामाणिकपणाचं असतं. अशा वेळी ते दूरच्या जाणकाराशी फोनवर बोलून उपचार करायला तयार असतील, तर तोही चांगला मार्ग आहे.

तपासणीतून काय कळतं, काय नाही

सापाच्या अंगात वजनाच्या साधारण पाच ते आठ टक्के रक्त असतं. १०० ग्रॅमच्या पिल्लात म्हणजे फार तर आठ मिलिलिटर. त्यातून निरोगी असताना एक मिलिलिटरपर्यंत काढता येतं, आजारी असताना त्याहून कमी. म्हणून ‘सगळ्या टेस्ट करून टाका’ हे लहान सापाला लागू पडत नाही. काय महत्त्वाचं ते निवडावं लागतं. रक्त शेपटीच्या खालच्या शिरेतून किंवा थेट हृदयातून घेतात. हृदयातून म्हटलं की माणूस दचकतो, पण सरावलेल्या हाताला ती नेहमीची पद्धत आहे. आणखी एक अडचण अशी की सापाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या रक्तासाठी बनवलेलं मोजणी यंत्र गोंधळतं. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून मोजाव्या लागतात. ज्याला हे माहीत आहे त्याच प्रयोगशाळेचा रिपोर्ट उपयोगी.

एक्सरेमध्ये अंडी, हाडांचे आजार, फुप्फुसातलं पाणी, अडकलेली वस्तू दिसू शकते. सोनोग्राफीत गाठी, हृदय, यकृत, अंडाशय कळतात. घशातून किंवा श्वासनलिकेतून घेतलेल्या नमुन्यावर कल्चर लावून कोणता जंतू आणि त्याला कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं हे कळतं. विषाणूंसाठी पीसीआर असते.

प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “याचं उत्तर काय येतं त्यावरून आपण पुढे वेगळं काही करणार आहोत का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर ती तपासणी सापासाठी नसून आपल्या समाधानासाठी आहे. आपलं समाधानही कधी कधी महत्त्वाचं असतं, हे मी नाकारत नाही. फक्त ते कशासाठी चाललंय हे ठाऊक असावं. याला एक अपवाद आहे. घरात आणखी साप असतील, तर या सापाच्या उपचारात फरक पडणार नसला तरी संसर्गजन्य आजाराची तपासणी करून घ्यावी, कारण तिच्यावर बाकीच्यांचं आयुष्य अवलंबून असतं.

कोणता आजार कितपत बरा होतो

निदानाचं नाव हातात आलं की निर्णय अर्धा झालेला असतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

गळू आणि तोंडाचा संसर्ग बहुतेक वेळा बरा होतो, पण केवळ औषधानं नाही. सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. पू विरघळवणारी जी रसायनं आपल्या पांढऱ्या पेशींत असतात ती त्याच्या पेशींत पुरेशी नसतात. तो घट्ट होऊन त्याचा वाळलेल्या साबणाच्या वडीसारखा गोळा बनतो, आणि त्या गोळ्यात अँटिबायोटिक शिरत नाही. कापून, खरवडून काढावाच लागतो. ‘आधी औषधं देऊन बघू, ऑपरेशन नको’ हा सावध वाटणारा पर्याय इथे उलट वेळखाऊ ठरतो.

अडलेल्या मादीच्या बाबतीतही लवकर निर्णय घेतला तर निकाल चांगला असतो. संप्रेरकाचं इंजेक्शन सापांत बेभरवशाचं. मग सुईनं अंड्यातला द्रव ओढून ते लहान करतात, किंवा पोट उघडून अंडी काढतात. सशक्त मादी असं ऑपरेशन सोसते. आठवडे गेल्यावर खंगलेली मादी सोसेल का, हा वेगळा प्रश्न.

श्वसनाचा आजार हा मधल्या गटातला. जिवाणूंमुळे झाला असेल आणि लवकर पकडला तर ऊब, अँटिबायोटिक, वाफारा यांनी बरा होतो. पण पायथनांमध्ये एक निदोव्हायरस आढळतो, शास्त्रज्ञांनी तो २०१४ मध्ये ओळखला. हिरव्या ट्री पायथनना त्याचा विशेष त्रास. त्यावर थेट औषध नाही. वरून झालेला जिवाणूंचा संसर्ग आटोक्यात आणून काही साप बरेच दिवस निभावतात, काही महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात. दोनदा पूर्ण कोर्स होऊन आजार उलटला असेल तर तिसऱ्यांदा अँटिबायोटिक बदलण्याआधी विषाणूची तपासणी मागा.

गाठींचं अमुकच असं सांगता येत नाही. कातडीजवळची, वेगळी दिसणारी गाठ काढता येते आणि म्हाताऱ्या सापालाही त्यानंतर चांगला काळ मिळू शकतो. यकृतात पसरलेली असेल तर पोट उघडून बघण्यातही अर्थ उरत नाही. मूत्रपिंडं निकामी होऊन अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे खडे साचले, म्हणजे गाऊट झाला, तर झालेली हानी भरून येत नाही. सलाइन आणि औषधांनी काही दिवस हलके करता येतात, एवढंच.

आणि मग ज्यांवर खरोखर इलाज नाही असे दोन आजार. पहिला इन्क्लूजन बॉडी डिसीज, बोआ आणि पायथन यांचा. कित्येक वर्षं कारण कळत नव्हतं. २०१२ मध्ये त्याचा संबंध अरेनाव्हायरसच्या एका नव्या गटाशी जोडला गेला. पायथनमध्ये तो सहसा झपाट्यानं मेंदूवर जातो आणि तिथे उपचार लांबवणं म्हणजे फक्त हाल लांबवणं. बोआचं मात्र निराळं. विषाणू अंगात घेऊन बोआ वर्षानुवर्षं काहीही लक्षण न दाखवता जगू शकतो. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच दयामरण, हा हिशेब बोआला सरसकट लावू नये. घरात तो एकटाच असेल, खात असेल, हिंडत असेल, तर त्याला वेगळं ठेवायचं, जोडी लावायची नाही, कुणाला द्यायचा नाही. दहा-बारा साप असलेल्या घरात हाच निर्णय वेगळा होऊ शकतो, आणि त्यात कुणी क्रूर ठरत नाही.

दुसरा क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी सापाच्या जठराचं अस्तर जाड करतो. पोटाच्या मध्यावरचा फुगवटा आणि खाल्ल्यानंतर काही दिवसांनी होणारी उलटी ही त्याची ओळख. काही औषधांनी विष्ठेतलं प्रमाण कमी होतं, पण साप खात्रीनं मुक्त होतो असं औषध नाही. साप हळूहळू खंगत जातो. हा परजीवी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, म्हणून बाकीच्या सापांनाही धोका. निदान पक्कं झालं आणि वजन घसरत असेल, तर बहुतेक जाणकार दयामरणच सुचवतात.

उपचार म्हणजे घरी काय काय

दवाखान्यात ‘हो’ म्हणताना पुढचे दोन महिने डोळ्यांसमोर असावेत. सापाला अँटिबायोटिक बहुधा इंजेक्शननंच देतात. सेफ्टाझिडिमसारखं औषध इतकं सावकाश उतरतं की दर ७२ तासांनी एक टोचलं तरी पुरतं. ऐकायला सोयीचं, पण कोर्स आठवड्यांचा असतो आणि बहुतेक इंजेक्शनं घरी द्यावी लागतात. एकानं साप धरायचा, दुसऱ्यानं शरीराच्या पुढच्या भागात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या स्नायूत, दोन खवल्यांच्या मधून सुई तिरकी घालायची. खवल्यावर टोचली तर सुई अडते. पुढच्या भागात अशासाठी की मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं, आणि काही औषधं मूत्रपिंडांना सोसत नाहीत. दर वेळी बाजू बदलायची. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक तर टोचल्या जागी स्नायू आणि कातडी खराब करू शकतं. ते सुचवलं असेल तर पर्याय विचारायला संकोच करू नका.

घरात दुसरं कुणी धरायला तयार नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. साप विषारी असेल किंवा चार मीटरचा असेल, तर घरचे उपचार हा विषयच निराळा. मग दवाखान्यात ठेवणं किंवा उपचार न करणं हेच दोन मार्ग उरतात. हातात धरण्याचाही सापाला ताण असतो. नळीनं भरवणं, वाफारा, इंजेक्शन, सगळं वेगवेगळ्या दिवशी केलं तर त्याला एक दिवसही उसंत मिळत नाही. शक्य तितकं एकाच वेळी उरकायचं आणि मग त्याला त्याच्या अंधाऱ्या जागेत सोडून द्यायचं.

ऑपरेशन ठरलं तर भुलीची भीती असतेच. आज इंजेक्शननं झोपवून श्वासनलिकेत नळी घालतात आणि आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू देतात. सापाचं श्वासद्वार तोंडात अगदी पुढे असल्यामुळे नळी घालणं तसं सोपं असतं. पूर्ण शुद्धीवर यायला मात्र कित्येक तास लागू शकतात. तोवर ऊब आणि श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस तिथे हवा. रात्री दवाखान्यात कोण असतं, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. टाके सहा ते आठ आठवडे राहतात, कधी पुढची कात टाकेपर्यंत.

वेदनेबद्दलही बोलून घ्यावं. साप ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं नाही. वेदना जाणवण्याची यंत्रणा त्याच्याकडे आहे. मेलॉक्सिकॅमसारखी औषधं देतात, पण कुत्र्यामांजरांत भरवशाची असलेली सगळीच वेदनाशामकं सापांत तशी चालत नाहीत. ‘दुखणं कमी करायला काय देणार?’ हे स्वतंत्रपणे विचारा. त्यावर नीट उत्तर नसेल तर मोठ्या ऑपरेशनला होकार देण्याआधी दुसरं मत घ्यावं.

ठरवायचं कसं

‘वाचवायचं की नाही’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्याचं उत्तर पहिल्या दिवशी कुणाकडेच नसतं, आणि म्हणून माणूस एक तर सगळं करतो किंवा काहीच करत नाही. ‘पुढचं एक पाऊल टाकायचं का, आणि त्याचा निकाल कधी, कशावरून बघायचा’ हा प्रश्न ठेवला तर उत्तर देता येतं.

समजा, १४०० ग्रॅमचा बॉल पायथन श्वसनाच्या आजारानं १२५० वर आला आहे. उपचार सुरू करायच्या दिवशीच वहीत लिहा: तीन आठवडे. तोवर तोंड मिटून श्वास घेता आला पाहिजे. वजन १२०० च्या खाली जाता कामा नये. उताणा केल्यावर स्वतः सरळ झाला पाहिजे. खाणं या यादीत नाही, कारण बरा होत असलेला सापही तीन आठवडे खाणार नाही. ही यादी डॉक्टरांना दाखवा, ते त्यात बदल सुचवतील. तीन आठवड्यांनी तिन्ही अटी मोडल्या असतील तर थांबायचं. दोन पाळल्या गेल्या असतील तर आणखी तीन आठवडे द्यायचे. संथ प्राण्याच्या बाबतीत ही तारीख फार महत्त्वाची, कारण तो रोज कालच्यासारखाच दिसतो. तारीख नसली की भिजत घोंगडं पडतं आणि चार महिन्यांनी लक्षात येतं की आपण उपचार करत नव्हतो, नुसती वाट बघत होतो.

मोजमापापलीकडे त्याचं जगणं सापाचं राहिलं आहे का, हे बघायचं. रात्री लपणातून बाहेर येतो का? ऊबदार आणि गार बाजूंमध्ये स्वतःहून ये-जा करतो का? नवी वस्तू ठेवली तर जीभ काढून तिचा वास घेतो का? हाताभोवती वेटाळं घालताना पकड जाणवते का? कुत्र्याच्या बाबतीत आपण प्रेमळपणा, खेळ, भूक बघतो. साप यातलं काहीच दाखवत नाही, पण ऊब शोधणं हे त्याच्या जगण्याचं केंद्र आहे. जो साप दिवसभर गार कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडतो आणि ऊबदार बाजूला जायचं सोडून देतो, तो फार खालावलेला असतो.

वयाचा विचार करताना जातीचा आवाका धरा. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन सहज वीस-तीस. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या साठी उलटलेल्या बॉल पायथन मादीनं २०२० मध्ये अंडी घातली होती. दहा वर्षांचा बॉल पायथन ‘आता म्हातारा झाला’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. त्याच वयाच्या, पसरलेला कर्करोग असलेल्या सापाच्या बाबतीत मात्र वयानं काही फरक पडत नाही.

पैशांबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. उघड बोलावं. नवा साप जेवढ्याला मिळतो त्याच्या कैक पट खर्च उपचारावर होऊ शकतो, आणि ‘एवढ्यात तीन साप येतील’ असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. ही तुलना निरर्थक आहे. आपण साप बदलून घ्यायला गेलेलो नसतो. पण खर्चाची मर्यादा असणं ही वेगळी आणि प्रामाणिक गोष्ट आहे. ती पहिल्याच भेटीत सांगितली तर डॉक्टर त्यात सर्वांत उपयोगी काय बसतं ते सांगू शकतात. अर्ध्यावर पैसे संपून सोडलेला उपचार सर्वांत वाईट. त्यात सापाला त्रास पुरेपूर होतो आणि फायदा काहीच नाही. उपचार न करता ऊब, पाणी आणि वेदनाशामक देऊन आराम पाहणं हाही रीतसर पर्याय आहे, फक्त त्यालाही तारीख लावायची. तारखेविना तो उपेक्षाच होतो.

दयामरण

थांबायचं ठरलं तर ते घरी करायचं नाही. सापाला फ्रीझरमध्ये ठेवलं की तो शांतपणे झोपून जातो, ही समजूत अजून ऐकू येते आणि ती चुकीची आहे. तो सावकाश गारठतो, ऊतींत बर्फाचे स्फटिक तयार होतात, आणि हे सगळं तो जिवंत असताना. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी ही पद्धत अमान्य केली आहे. भूल न देता डोकं तोडणंही तसंच अमानुष. सापाचा मेंदू कमी ऑक्सिजनवर बराच तग धरतो, त्यामुळे धडापासून वेगळं झाल्यावरही तो लगेच बंद पडत नाही.

डॉक्टर हे दोन टप्प्यांत करतात. आधी भुलीचं इंजेक्शन, साप पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री, मग पेंटोबार्बिटल, बहुधा हृदयात. त्यानंतरही हृदय काही काळ धडधडू शकतं. मेंदू थांबलेला असतो, पण सापाचं हृदय स्वतःच्याच हिशेबानं चालतं. हे आधी ठाऊक नसेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसतो. काही डॉक्टर खात्रीसाठी बेशुद्धावस्थेतच मेंदू यांत्रिकरीत्या निकामी करतात. ते बघायचं नसेल तर तसं सांगून बाहेर थांबा. साप लगेच घरी द्यायची घाई करू नका. डॉप्लर या रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्रावर हृदय थांबल्याचं बघून, किंवा काही तास ठेवून मगच देणारा डॉक्टर आपलं काम नीट करतो आहे.

त्यानंतर

निदान झालं नसेल आणि घरात दुसरे साप असतील, तर शवविच्छेदन करून घ्या. शरीर साध्या फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशींची रचना मोडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत ते प्रयोगशाळेत पोचावं.

रिपोर्ट येईपर्यंत आजारी सापाचा चिमटा, पाण्याचं भांडं, लपण यांतलं काहीही दुसऱ्या पेटीत जाऊ द्यायचं नाही. बाकीच्या सापांचं खाणंपाणी आधी करायचं आणि त्या पेटीला शेवटी हात लावायचा. लाकडी, सच्छिद्र वस्तू टाकून द्याव्यात. सापांवरचे बारीक काळे माइट (गोचिडीसारखे रक्त पिणारे जीव) विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे नेत असावेत असा संशय आहे, म्हणून पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपके आणि हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटी भिंगानं तपासा. सापांच्या विष्ठेतून माणसाला साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा ही साफसफाई स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. उरलेल्या सापांची वजनं त्याच वहीत निदान तीन महिने दर आठवड्याला लिहा, आणि तोवर घरात नवा साप आणू नका.